‘सर, तुम्ही कुठली घेतलीत?’ – मेडिकलची मुलं आणि नवी लस

पीएसएमवाला | १२ मे २०२४, रात्री १०:१५

मंडळी, मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात पीएसएम शिकवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पीएसएम म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, रोगप्रतिबंधाचा आणि सार्वजनिक आरोग्याचा तो विषय, ज्याच्या लेक्चरला मागची तीन बाकं झोपलेली असतात आणि पुढची दोन सर्जरीच्या नोट्स काढत असतात. पण एप्रिलच्या शेवटी अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लंडनच्या कोर्टातल्या कागदपत्रांची बातमी आली आणि माझा वर्ग जागा झाला. कंपनीने त्यात मान्य केलंय की त्यांच्या कोविड लशीने (आपल्याकडची कोविशिल्ड ती हीच) अगदी क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट्स कमी होण्याचा त्रास होऊ शकतो. एक मुलगी उभी राहिली, "सर, तुम्ही कुठली घेतलीत?"

म्हटलं, कोविशिल्ड. दोन्ही डोस.

"मग आता?"

"मग आता काय, शिकवतोय."

पोरं हसली, पण विषय काही हलेना. मग ठरलेलं लेक्चर बाजूला ठेवून तेच शिकवलं. हा त्रास २०२१ च्या मार्चमध्येच युरोपात लक्षात आला होता. आपल्याकडच्या समितीने त्याच वर्षी मे महिन्यात ४९८ गंभीर घटना तपासून त्यातल्या २६ गुठळ्यांच्या असू शकतात असं जाहीर केलं. दहा लाख डोसमागे ०.६१ असं ते प्रमाण होतं. त्रास झालाच तर तो डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो, तीन वर्षांनी नाही. हे सगळं फळ्यावर लिहिलं. मागून एक जण म्हणाला, "सर, मग हे तेव्हा आम्हाला कुणी का नाही सांगितलं?"

ही बॅच २०२१ मध्ये बारावीत होती. अठरावं लागल्या लागल्या रांगेत उभी राहिलेली मुलं. सरकारी पत्रक निघालं होतं हे खरं, पण ते वाचून दाखवायला केंद्रावर कोण बसलं होतं? मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या तासाला चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचं नाही. प्रश्न एकच: उद्या नवी लस आली तर पहिल्या महिन्यात घ्याल का, आणि का किंवा का नाही? काही उत्तरं जशीच्या तशी देतो:

"आधी सिनियर्स घेतील, मग बघू."

"फेज थ्री पब्लिश झाली असेल तर हो." (फेज थ्री म्हणजे परवानगीआधीची हजारो लोकांवरची मोठी चाचणी.)

"घरी विचारावं लागेल."

"सुईची भीती वाटते. प्लीज वर्गात वाचू नका सर."

"पेशंटला सांगेन घ्या. मी थोडं थांबेन."

ही शेवटची चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे.

आता खरी गंमत. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला विचारलं होतं, हिपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण झालेत का? नव्या लशीचा डेटा मागणाऱ्या याच मुलांची उत्तरं: "दोन झाले, तिसरा राहिला." "बहुतेक लहानपणी." "आईला विचारून सांगतो." (सरकारी कार्यक्रमात ही लस देशभर पोचली ती २०११ च्या सुमारास, त्यामुळे आईलाही ‘बहुतेक’च माहीत असणार.) जिचा डेटा चाळीस वर्षांचा आहे, जी या मुलांना पुढच्या वर्षी वॉर्डात खरोखर लागणार आहे, ती लस निव्वळ आळसाने राहते. सहा महिन्यांनी तिसऱ्या डोसला जायचं लक्षात राहत नाही, बस.

त्यामुळे ‘मेडिकलची मुलंसुद्धा लशीला घाबरतात’ असल्या बातम्या वाचल्या की मी चिडतो. ही मुलं अडाणी नाहीत. त्यांना अर्धं माहीत असतं. उरलेलं अर्धं वर्गात विचारायची सोय नाही, कारण तोंड उघडलं की ‘अँटी-वॅक्सर’चा शिक्का बसतो. इथे बरेच डॉक्टर आणि डॉक्टरांचे आईबाप आहेत. तुमच्या वेळी तुम्ही काय केलंत? खरं लिहा, हे व्हायव्हाचं टेबल नाही.

---

खवचट | १२ मे, रात्री १०:४१

आम्ही काय केलं? डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर आमच्याकडे बघत होते.

---

रात्रपाळी | १३ मे, पहाटे ३:०५

सर, खरं लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

जानेवारी २०२१ मध्ये मी इंटर्न होतो. १६ तारखेला देशभर कोविड लसीकरणाला सुरुवात झाली. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कोविशिल्ड आणि मोजक्या सहा केंद्रांवर कोव्हॅक्सिन. आमच्या नशिबी दुसरी. आता कॉलेज कुठलं ते ओळखत बसू नका.

३ जानेवारीला परवानगी मिळाली तेव्हा कोव्हॅक्सिनच्या परवान्यात ‘क्लिनिकल ट्रायल मोड’ असे शब्द होते. २५,८०० जणांची फेज थ्री चालू होती, निकाल हातात नव्हता. कोविशिल्डवाल्यांना न लागणारा एक संमतीपत्राचा कागद आमच्यापुढे ठेवला गेला. लशीची परिणामकारकता अजून सिद्ध व्हायची आहे, असं त्यात सरळ छापलेलं. आम्ही तेव्हा नुकतेच पीएसएम पास झालेलो (सर, तुमच्यासारख्याच कुणाच्या कृपेने). ट्रायलमध्ये भाग घेणारा माणूस कधीही नाही म्हणू शकतो, हे आम्हीच परीक्षेत लिहिलं होतं. मी सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी सांगितलं, ज्यांनी घेतली नाही त्यांची यादी डीन साहेबांकडे जाणार. संपलं. त्या क्षणापर्यंत मी द्विधेत होतो, त्या वाक्यानंतर हट्टाला पेटलो. कुणी समोर बसून म्हणालं असतं की बाबा रे, ही जुन्या पद्धतीची मेलेल्या विषाणूची लस आहे, रेबीजची घेतोस ना तशीच, फेज वन-टूमध्ये अमुक दिसलं, फेज थ्री इथवर आलीय, मी स्वतः काल घेतली, तर मी त्याच दिवशी बाही वर केली असती.

शेवटी घेतली ती फेब्रुवारीत. ८१ टक्क्यांचा अंतरिम निकाल आला ३ मार्चला, म्हणजे माझा निर्णय डेटावर झाला नाही हे उघड आहे. माझा रूम पार्टनर दुपारी टोचून आला, संध्याकाळी १०१ ताप, रात्रभर कण्हला आणि सकाळी मेसमध्ये तीन प्लेट पोहे हाणले. तोच माझा फेज थ्री. एन बरोबर एक, म्हणजे नमुना एकाच माणसाचा.

हिपॅटायटिसचं पण सांगतो, दुखरी नस दाबलीत. २०२२, जेआर वन (म्हणजे पीजीचं पहिलं वर्ष), कॅज्युअल्टी. दारू प्यायलेला अपघाताचा पेशंट, हात झटकला, कॅन्युलाची सुई माझ्या डाव्या अंगठ्यात. आधी काहीच वाटलं नाही. ग्लोव्हच्या आत लाल ठिपका पसरताना दिसला. नळाखाली हात धरून उभा होतो आणि डोक्यात सुईतून लागण होण्याच्या टक्क्यांचा एकच पाढा चालू: हिपॅटायटिस बी तीस, सी तीन, एचआयव्ही पॉइंट तीन. पेशंटची रॅपिड टेस्ट एचबीएसएजी पॉझिटिव्ह आली, म्हणजे हिपॅटायटिस बी. सिस्टरनी विचारलं, "डॉक्टर, तुमचे तीन डोस झालेत?"

दोन. सर, दोनच झाले होते.

पहाटे तीनला इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) शोधत मित्र मोटारसायकलवर तीन मेडिकल स्टोअर्स फिरला. मिळालं, लागलं, पुढचं सगळं ठीक झालं. पण ते सहा महिने दर रक्ततपासणीला जे पोटात कालवायचं ते आठवलं की अजून घाम येतो.

---

पीएसएमवाला | १३ मे, सकाळी ७:२०

रात्रपाळी, तुझी हरकत नसेल तर हे नाव न सांगता वर्गात वाचून दाखवू का? आणि नंतर टायटर, म्हणजे लशीने रक्तात किती अँटीबॉडी तयार झाल्या त्याची तपासणी, केलंस का? अँटी-एचबीएस दहाच्या वर हवं.

---

रात्रपाळी | १३ मे, सकाळी ७:३८

वाचा सर, खुशाल. टायटर... (प्रतिसाद अर्धवट सोडून राउंडला जात आहे.)

---

सुनंदाताई | १३ मे, दुपारी २:१०

मी निवृत्त परिसेविका. त्या वेळी लसीकरणाच्या खोलीत मीच होते, म्हणून आमची बाजू मांडते.

तुम्ही सगळे डेटा डेटा करताय. आमच्यापुढे वेगळंच गणित होतं. कोविशिल्डच्या एका वायलमधून, म्हणजे बाटलीतून, दहा डोस. एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरलं तर टाकून द्यायचं आणि रजिस्टरला ‘वाया’च्या रकान्यात लिहायचं. वर विचारणा होणार. मग सात माणसं जमली की आठवा, नववा, दहावा कुठून आणायचा? हॉस्टेलला फोन. "ए बाळा, जरा खाली ये, तिघं हवेत." इंटर्न मंडळी मागच्या जिन्याने पसार! एक जण बाथरूममध्ये तासभर लपून बसला होता, आज तो चांगला हाडांचा डॉक्टर आहे. त्यात पहिल्याच दिवशी ते नोंदणीचं कोविन अ‍ॅप बसलं आणि आपल्या राज्यात दोन दिवस काम थांबवायला लागलं. याद्या हाताने लिहिल्या. अशा गडबडीत कुणाला काय समजावून सांगणार?

पण पोरांना एकट्याला दोष देऊ नका. मोठमोठे डॉक्टर माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणायचे, "सिस्टर, माझं नाव पुढच्या आठवड्यात टाका, जरा पित्त झालंय." आठवडाभर सगळ्या वॉर्डाला पित्त झालं होतं. आणि पोरं काय आंधळी असतात? प्रोफेसर भाषण काय करतात ते कुणी ऐकत नाही, प्रोफेसरांच्या दंडावर कापूस आहे का ते बघतात.

माझ्या मावश्या आणि वॉर्डबॉय मात्र रांगेत पहिले. त्यातल्या एकीचा दीर जुलैत कोविडने गेला होता. तिला कुठलाही कागद वाचून दाखवायला लागला नाही.

---

खवचट | १३ मे, दुपारी २:२५

‘आठवडाभर सगळ्या वॉर्डाला पित्त’ – ताई, दंडवत.

---

वैद्यबुवा | १३ मे, सायंकाळी ६:५०

मी लसविरोधी नाही हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचे वीस प्रतिसाद त्यातच जातील.

पण ‘शंका म्हणजे अज्ञान’ ही वृत्ती कुठून आली ते बघा. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा इथे शाळकरी मुलींना एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) लस देण्याचा प्रकल्प झाला. सात मुली दगावल्या, २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, मान्य. पण संमती कशी घेतली गेली? अनेक ठिकाणी पालकांच्या जागी वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या. संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष होती आणि वागणूक सदोष होती. आज त्याच लशीबद्दल डॉक्टरच बिचकतात, ही त्या सह्यांची किंमत.

कोविशिल्डचंही तेच. दोन डोसांतलं अंतर आधी २८ दिवस, मग ६ ते ८ आठवडे, मग १२ ते १६. आणि शेवटचा बदल कधी? मे २०२१, लशीची बोंब होती तेव्हाच. विद्यार्थ्याने यातून काय समजायचं?

---

आकडेमोड | १३ मे, रात्री ९:०५

बुवा, संमतीबद्दल शंभर टक्के सहमत. अंतराबद्दल नाही.

१२ आठवड्यांना आधार होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या विश्लेषणात सहा आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांत परिणामकारकता ५५ टक्के आणि १२ आठवडे किंवा जास्त थांबलेल्यांत ८१ टक्के दिसली होती. टंचाई होती हे खरं, शास्त्र होतं हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, पण आपल्याकडे पत्रकार परिषदेत फक्त दुसरं सांगतात, मग लोक फक्त पहिलं धरतात.

मी संख्याशास्त्रवाला आहे, मेडिकलच्या मुलांना थिसिससाठी मदत करतो. पीएसएमवाले, राग मानू नका, पण तुमच्या मुलांना ‘७० टक्के परिणामकारक’ म्हणजे काय हे नीट सांगता येत नाही. दर दुसरा म्हणतो, "म्हणजे शंभरात तीस जणांना कोविड होणार." अरे बाबा, न घेतलेल्यांत जितक्यांना झाला त्याच्या तुलनेत सत्तर टक्के कमी! डिसेंबर २०२० च्या ऑक्सफर्डच्या निकालात ७० हा आकडासुद्धा दोन गटांची गोळाबेरीज होता. पूर्ण दोन डोसवाल्यांत ६२ आणि पहिला डोस चुकून अर्धा गेलेल्यांत ९०. यावर एक तास घ्या, पोरं झोपणार नाहीत. चुकून अर्धा डोस म्हटलं की सगळे उठून बसतात.

---

पीएसएमवाला | १३ मे, रात्री ९:३०

राग कसला, खरंच आहे. आमच्या अभ्यासक्रमात कोल्ड चेनच्या आइसलाइन्ड रेफ्रिजरेटरचं तापमान पाठ असतं आणि कॉन्फिडन्स इंटर्व्हल (आकड्यावर किती विसंबायचं ते सांगणारा पट्टा) ऑप्शनला टाकतात.

---

परळकर | १४ मे, सकाळी ११:००

थोडं अवांतर, पण मुंबईकर म्हणून राहवत नाही.

नव्या लशीबद्दल मेडिकल कॉलेजात कुजबूज हा आपल्याकडे सव्वाशे वर्षांचा रिवाज आहे. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा लसशास्त्रज्ञ हाफकिनसाहेबांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्या जागेत लस तयार केली. मदतनिसांपैकी काहींनी ताण सहन न होऊन काम सोडलं. १० जानेवारी १८९७ ला लस पहिल्यांदा टोचली ती त्यांनी स्वतःला. ताप आला, इंजेक्शनची जागा दुखली, ते कामावर राहिले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी. त्या कैद्यांच्या ‘स्वेच्छे’बद्दल वैद्यबुवांनी स्वतंत्र धागा काढावा.

आणि १९०२ मध्ये पंजाबातलं मुल्कोवाल. एका दिवसात १०७ जणांना लस, त्यातले १९ धनुर्वाताने गेले, सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. खापर हाफकिनवर फुटलं. पुढे कळलं की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तोच पुन्हा वापरला. नाव धुऊन निघायला १९०७ उजाडलं. परळच्या लस बनवणाऱ्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं ते थेट १९२५ मध्ये. सुनंदाताई वायल फोडायचं सांगत होत्या तेव्हा मला तो चिमटाच आठवला.

---

सुनंदाताई | १४ मे, दुपारी १:१५

परळकर, हे आम्हाला ट्रेनिंगला कुणी सांगितलं नाही हो. सांगितलं असतं तर ‘खाली पडलेलं उचलू नका’ हे वेगळं शिकवावं लागलं नसतं.

---

लेकीचा बाबा | १४ मे, रात्री ८:४०

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय, सांभाळून घ्या.

माझी मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला, वय वीस. आमच्या घरी मेडिकलशी कुणाचा संबंध नाही. मी बँकेत. पेपरात वाचलं की पुण्याच्या सीरमने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची सर्व्हाव्हॅक आणलीय, म्हणून तिला म्हटलं, घेऊन टाक. म्हणाली, "बाबा, बॅचमध्ये अजून कुणी घेतली नाहीये." म्हटलं, तुला शंका आहे का लशीबद्दल? म्हणाली, नाही, शिकवलंय आम्हाला, चांगली आहे. मग? तर गप्प. तिच्या आईकडून कळलं की हॉस्टेलवर कुणी घेतली तर बाकीच्या विचारतात, ‘तुला कशाला लागली आत्ताच?’ (हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो ना, म्हणून.)

हा कसला विज्ञानाचा प्रश्न? यावर काय करावं कुणी सांगेल का?

---

अनुजा_लीड्स | १५ मे, पहाटे २:३०

बाबा, तुम्ही विषयाला बरोबर हात घातलात. लशीबद्दल तिचं मत स्वच्छ आहे, अडचण लोक काय म्हणतील ही आहे.

इकडे इंग्लंडमध्ये ही लस शाळेतच देतात. २००८ पासून बारा-तेरा वर्षांच्या मुलींना, २०१९ पासून मुलग्यांनाही. अख्खा वर्ग रांगेत उभा राहतो, त्यामुळे ‘तुला कशाला’ हा प्रश्नच उरत नाही. सप्टेंबर २०२३ पासून एकच डोस. त्या वयात लस मिळालेल्या मुलींमध्ये पुढे हा कर्करोग ८७ टक्क्यांनी कमी आढळला, असा अभ्यास २०२१ मध्ये आला. तुमच्या लेकीच्या वयाला सर्व्हाव्हॅकचे तीन डोस आहेत: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. तिला म्हणावं दोन मैत्रिणींना घेऊन जा. तिघी गेल्या की ती बातमी राहत नाही. आणि ही लस मुलग्यांसाठीही आहे, वर्गातल्या मुलांनाही न्या, हॉस्टेलच्या गप्पांना नवा विषय मिळेल.

इकडचे डॉक्टर फार शहाणे असं मात्र समजू नका. एनएचएसमध्ये (इकडच्या सरकारी आरोग्यसेवेत) कोविड लस सक्तीची करायचं ठरलं, १ एप्रिल २०२२ ही तारीखही दिली, आणि त्याच्या दोन महिने आधी निर्णय मागे घ्यावा लागला. माणसं सोडून जातील ही भीती. हिपॅटायटिस बीबाबत मात्र कुणी सक्ती म्हणून कुरकुर करत नाही. ऑपरेशन थिएटरात हात घालायचा तर ऑक्युपेशनल हेल्थ (कर्मचाऱ्यांचं आरोग्य बघणारा विभाग) तुमचं रक्त बघणार. मी आले तेव्हा माझं टायटर कमी निघालं, पुन्हा टोचून घ्यावं लागलं. तोवर मी भारतात पाच वर्षं ‘घेतलीय ना’ म्हणत बाळंतपणं केली होती.

---

वैद्यबुवा | १५ मे, सकाळी ९:१०

अनुजाताई, प्रतिसाद आवडला. ‘यादी डीनकडे जाणार’ आणि ‘रक्त तपासून मगच काम’ यात फरक आहे. एकात धाक आहे, दुसऱ्यात तुमची काळजी दिसते. माझी तक्रार पहिल्याशी होती.

---

पीएसएमवाला | १६ मे, रात्री १०:०५

आज वर्गात रात्रपाळीचा किस्सा वाचला. मागची बाकंसुद्धा गप्प. मग आकडेमोड यांच्या सल्ल्याने अर्धा डोस आणि ६२-९० ची भानगड घेतली. तास पंचवीस मिनिटं लांबला आणि कुणी घड्याळ दाखवलं नाही, नोकरीत पहिल्यांदा.

शेवटी, ‘तेव्हा कुणी का नाही सांगितलं’ म्हणणाऱ्या त्याच मुलाने विचारलं, "सर, पुढच्या वेळी नवी लस आली की तुम्ही आधी आम्हाला सगळा डेटा दाखवाल?" मी हो म्हटलं. तेवढंच म्हणता आलं. लस येईल तेव्हा माझ्या हातात डेटा असेलच असं नाही आणि परिपत्रक आधी येईल, हे मला माहीत आहे. त्यांना ते कळायला अजून दोनेक वर्षं आहेत.

तास सुटल्यावर नऊ जण टेबलाशी थांबले होते, हिपॅटायटिसचा तिसरा डोस कुठे मिळेल विचारायला. ओपीडीच्या सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, "साहेब, दहावा आणा, वायल दहाची आहे."

मी माझंच टायटर कधी केलं नव्हतं. दहावा मी गेलो.

---

सुनंदाताई | १६ मे, रात्री १०:२०

😀 शाब्बास त्या सिस्टरची!

---

लेकीचा बाबा | १७ मे, सकाळी ८:००

लेकीला धागा पाठवलाय. निळी खूण दिसतेय, उत्तर नाही. परीक्षा चालू आहे.

---

रात्रपाळी | १७ मे, पहाटेपासून जागा, आता दुपारी १२:५०

सर, टायटरचं उत्तर राहिलं होतं. केलं नव्हतं. दोन वर्षं. आज लॅबमध्ये रक्त देऊन आलो, रिपोर्ट सोमवारी.

---

खवचट | १७ मे, दुपारी १२:५४

सुई टोचताना डोळे मिटले होते का?

---

रात्रपाळी | १७ मे, दुपारी १२:५५

हो.